केनेडींची पीटी-५९: तोफांची बोट, मासेमारीची बोट आणि शेवटी कुणाचं तरी घर

दीपस्तंभ (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून या बोटीबद्दल लिहायचं मनात होतं. इथे समुद्र, जहाजं, किल्ले यांत रस असणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२० सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम नदीत, मॅनहटनच्या अगदी उत्तर टोकाला, २०७व्या रस्त्याजवळच्या रेल्वे यार्डालगत काम चाललं होतं. २०१२च्या सँडी वादळात त्या भागात पाणी घुसलं होतं, म्हणून यार्डाला पूरसंरक्षक भिंत बांधायची होती. त्या कामात क्रेनने नदीच्या चिखलातून एका जुन्या लाकडी बोटीचे अवशेष वर काढले. काळ्या पडलेल्या फळ्या, गंजलेले तुकडे, बस इतकंच. पण ही बोट बहुधा पीटी-५९ असावी, असं मानलं जातं. म्हणजे जॉन केनेडी यांनी दुसऱ्या महायुद्धात सांभाळलेली दुसरी बोट.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. २ ऑगस्ट १९४३ला मध्यरात्रीनंतर 'आमागिरी' या जपानी विनाशिकेने पीटी-१०९ मधोमध कापली आणि केनेडींनी आपल्या जखमी सहकाऱ्याला पोहत ओढत बेटावर नेलं. त्या रात्रीवर एवढं लिहिलं गेलंय की पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं, ते मागेच पडतं. तेव्हा घरी परत जायची मुभा असतानाही हा माणूस सॉलोमन बेटांतच थांबला आणि त्याने पीटी-५९चा ताबा घेतला. १०९वरचे काही खलाशी आपणहून त्याच्यासोबत आले.

पीटी म्हणजे टॉर्पेडो घेऊन गस्त घालणारी छोटी, वेगवान बोट. ५९ ही एल्को कंपनीच्या ७७ फुटी वर्गातली, बेयॉनला बांधलेली. (जर्सी सिटीतल्या मंडळींच्या अगदी शेजारचं गाव.) मॅहॉगनीच्या फळ्यांचे दोन थर, मध्ये सरस लावलेलं कापड आणि आत पॅकार्डची तीन पेट्रोल इंजिनं. वेग चाळीस नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटरच्या आसपास. चिलखत म्हणाल तर जवळजवळ नाहीच. हजारो लिटर उच्च दर्जाचं पेट्रोल लाकडी खोक्यात भरून रात्री शत्रूच्या किनाऱ्याजवळ जायचं, असा हा धंदा.

आता ५९चं वेगळेपण. सॉलोमनमध्ये जपानी सैन्य रात्री सपाट बुडाच्या तराफ्यांसारख्या नावांमधून माणसं आणि रसद हलवत असे. त्या नावांचं बूड पाण्यात इतकं उथळ असायचं की टॉर्पेडो खालून निघून जायचा. म्हणून ५९वरच्या टॉर्पेडो नळ्या उतरवल्या आणि त्या जागी ४० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि मशिनगनची रांगच बसवली.

नोव्हेंबर १९४३च्या सुरुवातीला शॉयझल बेटावर अमेरिकी मरीनची एक तुकडी अडकली. बोगनव्हिल बेटावर मोठं सैन्य उतरणार होतं, त्यावरून जपान्यांचं लक्ष उडवण्यासाठी त्यांना तिथे पाठवलं होतं. वॉरियर नदीच्या मुखाशी त्यांना घ्यायला आलेल्या एका नावेचं बूड पोवळ्याच्या खडकावर फाटलं आणि पाणी आत येऊ लागलं. टाकीत परतीपुरतं पेट्रोल नाही हे ठाऊक असूनही ५९ निघाली. नाव आणि किनारा यांच्या मध्ये बोट आडवी घालून केनेडींनी चाळीस-पन्नास माणसं वर घेतली. डेकवर पाय ठेवायला जागा उरली नाही. एक जखमी मरीन केनेडींच्या स्वतःच्या बिछान्यावर वारला. पहाटे पेट्रोल संपलं आणि दुसऱ्या बोटीने ५९ला ओढून तळावर आणलं.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या आयुष्याचं. ५९ अमेरिकेत परतली, काही काळ प्रशिक्षणाला वापरली, नंबर बदलला, आणि युद्धानंतर मोडीच्या भावाने विकली गेली. मग ती हौशी मासेमारांना घेऊन समुद्रात जाणारी भाड्याची बोट झाली. १९७०च्या दशकात एका शाळाशिक्षकाने ती घर म्हणून घेतली आणि हार्लेम नदीत उभी केली. पुढे ती तिथेच सोडून दिली गेली आणि बुडाली.

तिच्या बहुतेक बहिणींना एवढंही आयुष्य मिळालं नाही. १९४५ संपता संपता फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या किनाऱ्यावर नौदलाने शंभराहून जास्त पीटी बोटी ओळीने उभ्या करून जाळल्या. त्या अमेरिकेत आणायला जो खर्च आला असता, तो त्यांच्या किमतीहून जास्त होता.

माझं म्हणणं असं: लाकडी बोट संग्रहालयामुळे किंवा सरकारमुळे टिकत नाही, आत कुणीतरी राहतं म्हणून टिकते. रोज पंप चालवणारं, गळती बघणारं, थंडीत शेगडी पेटवणारं कुणीतरी हवं. ५९ तीस वर्षांहून जास्त तरंगली, कारण तिला कुणी ना कुणी धनी होता. माणूस गेला आणि ती बुडाली. या हाउसबोटवाल्यांची दखल इतिहासाने घ्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

---

हर्णैकर

उत्तम धागा. आमच्या घरी तीन पिढ्या बोटी होत्या, त्यामुळे लाकडाबद्दल चार शब्द.

बाहेरच्या लोकांना वाटतं की खारं पाणी लाकूड खातं. खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड बऱ्यापैकी टिकतं. किडीचा त्रास असतो, पण त्याला उपाय आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात बोट वर ओढतात, शाकारतात, आणि पूर्वी खालून मुशीचं तेल चोपडायचे. त्या वासाने सगळी पाखाडी दरवळायची. खरा वैरी पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फटीतून थेंब थेंब आत जातं, फासळ्यांच्या कोपऱ्यात साचतं, आणि वरून रंग चकचकीत असताना आतून लाकूड भुसा होतं. सुरी टोचली तर मुठीपर्यंत जाते.

त्यामुळे आत माणूस राहतो म्हणून बोट टिकते, हे शंभर टक्के पटलं. डोक्यावर गळायला लागलं की माणूस रात्री उठून डांबर लावतो. धक्क्याला बांधून कुलूप लावलेल्या बोटीला कोण विचारतो?

एक प्रश्न. इंजिनं काढल्यावर या बोटींचं बूड कसं राहतं? आमच्याकडे इंजिन काढलं की बोट मागून वर उचलली जाते आणि चाल बिघडते.

---

दीपस्तंभ

हर्णैकर, नेमका मुद्दा. पॅकार्डचं एकेक इंजिन एक टनाहून जड. अशी तीन काढली, शिवाय तोफा, टॉर्पेडो आणि पेट्रोलच्या टाक्या गेल्या, की बोट पाण्यावर उंच येऊन डचमळते. हाउसबोटवाले त्या जागी वजन भरत, कुठे काँक्रीट, कुठे लोखंडाचे ठोकळे. काँक्रीट लाकडाला टेकून ओतलं तर त्याखाली ओल धरून कुजतं, म्हणून जाणकार लोक सुटे ठोकळे ठेवतात. आणि कणा वाकणं हा दुसरा त्रास. लांब, हलक्या बोटीची दोन्ही टोकं हळूहळू खाली झुकतात आणि मधला भाग वर येतो. ओहोटीला मऊ चिखलात बूड नीट टेकत असेल तर आधार मिळतो. म्हणून अशा बोटी बहुतेक चिखलाच्या खाड्यांत दिसतात.

---

टेम्सकाठी

इंग्लंडातून लिहितेय. इथे तर हा प्रकार गावोगावी होता, आणि त्यामागे घरांची टंचाई होती.

१९४५ साली ब्रिटनमध्ये बाँबने पडलेली घरं लाखांत होती. सैन्यातून सुटलेली मुलं लग्न करून आईबापांच्या एका खोलीत राहत होती. १९४६ मध्ये लोकांनी रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसून संसार थाटले. बांधकामाला परवाना लागे, लाकूड मोजून मिळे. आणि त्याच वेळी नौदल शेकडो लाकडी बोटी विकायला काढत होतं. मॅहॉगनीची साठ-सत्तर फुटी बोट, आत बंक, स्वयंपाकघर, संडास तयार. पेट्रोलवर निर्बंध होते, त्यामुळे इंजिन नसलं तरी कुणाचं अडत नव्हतं. शोरम, गॉस्पोर्ट, बेंब्रिज, चेल्सी, अशा ठिकाणी वस्त्याच झाल्या. शोरमला तर १९४० मध्ये आक्रमणाच्या भीतीने किनाऱ्यावरचे बंगले पाडले होते. आज तिथे अडूर नदीच्या काठाला हाउसबोटींची रांग आहे. पायवाटेवरून चालताना लोकांच्या कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे आणि त्यामागे बोटीचा निमुळता नाळेचा भाग, असं सगळं एकत्र दिसतं.

आता ५९च्या भावकीबद्दल. गॉस्पोर्टच्या हार्डवेला बरीच वर्षं एक हाउसबोट होती, ती म्हणजे एमजीबी (मोटर गन बोट) ८१. १९४२ साली हाइथला ब्रिटिश पॉवर बोट कंपनीने बांधलेली, ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांच्या आराखड्याची तोफबोट. रॉबर्ट हिचन्स यांच्या ताफ्यात होती. हिचन्स हे फॅलमथचे वकील, युद्धात स्वयंसेवक म्हणून आले आणि एप्रिल १९४३ मध्ये मारले गेले. युद्धानंतर ही बोट काही काळ चोरट्या मालाच्या धंद्यातही होती, मग घर झाली. १९९८ ते २००२ या काळात तिची पूर्ण दुरुस्ती झाली आणि आज ती पुन्हा धावते.

गंमत अशी की एल्कोने १९३९ मध्ये याच स्कॉट-पेनची ७० फुटी बोट विकत घेऊन अमेरिकेत नेली, आणि तिच्यावरूनच त्यांच्या पीटी बोटी पुढे वाढल्या. तेव्हा ५९ आणि ८१ सख्ख्या नसल्या तरी चुलतबहिणी आहेतच. इंजिनंही दोघींची पॅकार्डचीच!

तिसरी एचएसएल (हाय स्पीड लाँच) १०२. ही हवाई दलाची, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणारी. १९४१ मध्ये दोन महिन्यांत तिने ३८ जणांना वाचवलं, त्यांत जर्मन हाइंकेल विमानाचे लोकही होते. तीही पुढे डार्टमथच्या खाडीत घर होऊन पडली होती. दुरुस्त होऊन १९९६ साली राजमातेच्या हस्ते परत पाण्यात उतरली.

---

सह्याद्रीपुत्र

वाचतोय. जर्मनांच्या बोटींचं काय झालं?

---

टेम्सकाठी

जर्मन एस-बोटींपैकी (त्यांच्या वेगवान टॉर्पेडो बोटी) एस-१३० तेवढी उरली, आणि तिची कहाणी तर अंगावर येते. २८ एप्रिल १९४४च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिणेला लाइम बेमध्ये डी-डेच्या (नॉर्मंडीत सैन्य उतरवण्याच्या) सरावाला निघालेल्या अमेरिकी जहाजांवर शेरबूरहून आलेल्या नऊ एस-बोटींनी हल्ला केला. सैन्य उतरवणारी दोन मोठी जहाजं बुडाली, सातशेच्या आसपास माणसं गेली. १३० त्या नऊ बोटींपैकी एक.

युद्ध संपल्यावर ती ब्रिटिशांकडे आली आणि त्यांनी तिला बाल्टिक किनाऱ्यावर रात्री हेर उतरवण्याच्या कामाला लावलं. चालवणारे बरेचसे जुने जर्मन नौसैनिकच. पुढे पश्चिम जर्मन नौदलात गेली, आणि निवृत्तीनंतर जर्मनीत हाउसबोट झाली. आता कॉर्नवॉलमध्ये तिचं काम चाललंय. इतक्या धन्यांच्या हाताखालून गेलेली दुसरी बोट मला माहीत नाही.

---

स्वाती_नौपाडा

फार सुंदर माहिती मिळतेय. पण एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच मांडते.

या सगळ्या बोटी "दुरुस्त" होतात म्हणजे काय होतं? १९४३ सालात परत नेल्या जातात. तोफा (बहुतेक नकली) बसतात, राखाडी रंग लागतो. आणि त्यात जी माणसं तीस-चाळीस वर्षं राहिली, त्यांची कपाटं, खिडक्या, मुलांच्या उंचीच्या खुणा, स्वयंपाकघराच्या फरशा, सगळं कचऱ्यात. बोट लढली तीन वर्षं. घर होती त्याच्या दहापट. मग खरा इतिहास कोणता?

माझी आजी चाळीच्या एका खोलीत सात माणसांचा संसार करायची, तो इतिहास कुठल्याच संग्रहालयात नाही. त्यामुळे चिखलातल्या बोटीत मुलं वाढवणारी कुणीही इंग्रज बाई मला जवळची वाटते. एक तरी बोट घराच्या रूपातच जपायला हवी.

---

कुलाबा_डॉक

मी नौदलात होतो. स्वातीताईंचा मुद्दा समजतो, पण दुसरी बाजू मांडतो.

पैसा कुणासाठी उभा राहतो ते बघा. लोक देणगी देतात ती ज्या बोटीने माणसं वाचवली तिच्यासाठी. कपाटांसाठी कुणी पैसे देत नाही. आणि पैसा नसला तर काय होतं ते आपण मुंबईत पाहिलं. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, शाळेची मुलं रांगा लावून बघायला यायची. २०१२ला ती बंद झाली आणि २०१४ मध्ये दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली. ज्यांनी तिच्यावर काम केलं त्यांना तो आवाज अजून ऐकवत नाही. तेव्हा १९४३चा रंग लावून का होईना, बोट उभी राहतेय ना? मग लावा.

मुंबईचा या विषयाशी एक सरळ धागा आहे. हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे. ती वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधली, १८१७ साली. तीही अशीच वाचली. १८९७ मध्ये एका इंग्रज धनिकाने मोडीत जाणारं हे जहाज घेतलं, 'फूद्रॉयाँ' असं नाव दिलं, आणि पुढे कित्येक दशकं मुलामुलींना राहायला, दर्यावर्दी शिक्षण द्यायला ते वापरलं गेलं. माणसं आत झोपत, जेवत, डेक घासत, म्हणून दोनशे वर्षांनी आपलं सागवान तिथे शाबूत आहे. तेव्हा धागाकर्त्यांशी मी सहमत.

आणखी एक. अशा छोट्या लाकडी बोटी रॉयल इंडियन नेव्हीकडेही होत्या. १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर, खाजणांच्या अरुंद खाड्यांत शिरून आपल्या पोरांनी त्या चालवल्या. त्यांत कोकणातले खलाशी होते. कुणाच्या घरी आजोबांची कागदपत्रं, बिल्ले, फोटो असतील तर कृपया इथे लिहा. हे आता नाही नोंदवलं तर राहून जाईल.

---

हर्णैकर

कुलाबा_डॉक, आमच्या आळीत एका घरी नेव्हीची जुनी पेटी आहे, त्यावर खलाशाचा नंबर आहे. त्या काकांना विचारून सांगतो.

---

किरण_मेकॅनिकल

अमेरिकेतलं आणखी एक उदाहरण स्वातीताईंच्या मुद्द्याला धरून. पीटी-३०५ ही न्यू ऑर्लिन्सला हिगिन्सच्या कारखान्यात बांधलेली, भूमध्य समुद्रात लढलेली. युद्धानंतर न्यूयॉर्कला पर्यटकांना फिरवलं, मग चेसापीक उपसागरात कालवं काढायला लावली. तिथल्या मालकाने मागून तेरा-एक फूट चक्क कापून टाकले! कारण ६५ फुटांहून मोठ्या बोटीला परवानाधारक कप्तान ठेवावा लागे. न्यू ऑर्लिन्सच्या युद्धसंग्रहालयाने ती आणली तेव्हा मागचा भाग नव्याने बांधला आणि २०१७ मध्ये ती पुन्हा चालू केली.

आता सांगा, तो कापलेला तुकडा हा इतिहास आहे की नाही? मला वाटतं आहे. कालवं काढणाऱ्या माणसाने पोटासाठी करवत चालवली आणि त्यामुळेच बोट भंगारात गेली नाही. संग्रहालयात शेजारी एक मोठा फोटो आणि नीट लिहिलेला फलक लावला तरी त्या माणसाची नोंद राहील.

---

अनघा_के

५९ केनेडींचीच कशावरून? क्रेनने काढलेल्या चार फळ्यांवरून कसं कळणार?

---

दीपस्तंभ

अनघा, रास्त शंका. फळ्यांवर नाव नव्हतं. मी वर "बहुधा" लिहिलं ते म्हणूनच. आधार मुख्यतः कागदांचा आहे. नौदलाच्या नोंदीत ५९ला नंतर दिलेला नंबर, मग विक्रीनंतरचे मालक, असा माग काढत एक इतिहासलेखक हार्लेम नदीपर्यंत पोहोचला. बोट तिथे बुडाल्याचं जुन्या स्थानिकांनाही माहीत होतं. सापडलेलं लाकूड आणि जागा त्याच्याशी जुळतात. न्यायालयात टिकेल असा पुरावा मागितला तर तो नाही, पण माग सुटलेला नाही.

स्वाती, तुम्ही म्हणता ते पटलं. मी मूळ लेखात हाउसबोटवाल्यांनी बोटी *वाचवल्या* म्हणून त्यांचे आभार मानले, जणू त्यांचं काम राखणदाराचं होतं. पण त्या शिक्षकासाठी ते घर होतं, राखण नव्हे. भाडं परवडत नाही अशा शहरात चाळीस नॉट्सच्या बोटीत कुणी वह्या तपासत बसलं असेल, तर तेही शॉयझलच्या रात्रीइतकंच त्या बोटीचं आयुष्य. कुलाबा_डॉक यांचं पैशाचं म्हणणं खरं आहे, तरी किरण म्हणतात तसा फलक लावायला फार पैसा लागत नाही. फलक हवाच.

---

स्वाती_नौपाडा

धन्यवाद. फलकावर बाईचंही नाव असू द्या. बहुतेक ठिकाणी शेगडी तिनेच पेटवली असणार.

---

सह्याद्रीपुत्र

पुढच्या वर्षी मुलाकडे बॉस्टनला जाणार आहे. पीटी बोट प्रत्यक्ष बघायला मिळेल का कुठे?

---

दीपस्तंभ

नक्की. बॉस्टनहून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर फॉल रिव्हरला बॅटलशिप कोव्ह आहे. तिथे एल्कोची पीटी-६१७ आणि हिगिन्सची पीटी-७९६ अशा दोन्ही आहेत. १९६१ मध्ये केनेडींच्या शपथविधीच्या मिरवणुकीत ७९६वर "१०९" रंगवून तिला मिरवलं होतं. ६१७च्या आत डोकावता येतं. इंजिनाच्या खोलीची उंची बघा आणि तिथे कसं काम केलं असेल याचा अंदाज घ्या. जायच्या आधी वेळा तपासून घ्या, थंडीत बऱ्याचदा बंद असतं. न्यूयॉर्कला आलात तर युनिव्हर्सिटी हाइट्स पुलावरून २०७व्या रस्त्याचं यार्ड आणि नदीकाठ दिसतो. पुलावर पादचाऱ्यांसाठी वाट आहे. मला कळवा, मी येईन बरोबर.

---

हर्णैकर

कुलाबा_डॉक, काकांशी बोललो. पेटी त्यांच्या वडिलांचीच, १९४३ साली भरती, कागदात "मोटर लाँच" असं स्पष्ट लिहिलंय. एक गट फोटोही आहे, मागे बोटीचा अर्धा भाग दिसतो. रविवारी जाऊन नीट स्कॅन करतो आणि वेगळा धागा काढतो. वरची अक्षरं पुसट आहेत, नौदलातल्या कुणी वाचायला मदत करा.

---

कुलाबा_डॉक

जरूर. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, बहुतेक वेळा तारीख आणि बंदराचं नाव तिथे असतं. टोपीच्या पट्टीवरची अक्षरं मोठी करून वेगळी टाका. मी वाट बघतोय.